सौरऊर्जेच्या संशोधनात माझ्या कुरडया

बोरगाव मेघे, वर्धा
श्रावणातला सोमवार

तीर्थस्वरूप प्रमिलावन्सं यांना इंदिराचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. माझी कंबर आणि तुमचे गुडघे पाहता आपण दोघी समोरासमोर नुसतं वाकल्यासारखं करतो, तेवढंच इथेही धरावं.)

मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? नीलेशने नागपूरहून आणलेलं तेल लावता, की बाटली तशीच देव्हाऱ्यामागे उभी आहे? संत्र्याचा आंबिया बहार यंदा टिकला का? मंजुषा आणि नातवंडं मजेत असतील. म्हशीचं तुम्ही दर वेळी आपणहून सांगता, म्हणून विचारत नाही. आता हातात फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करते, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण तुम्हीच आहात. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि मग मी इकडे मनातलं काही बोलायला जावं तर तिकडून नीलेश, मंजुषा, दूधवाला आणि (मागच्या खेपेला) ग्रामपंचायतीतून आलेला कुणी गृहस्थ असे सगळे मिळून मला उत्तरं देतात. त्या गृहस्थांनी मला बी-ट्वेल्वच्या गोळ्या सुचवल्या. घेतल्या, गुणही आला, पण पत्र ते पत्र. हे चष्मा लावून एकटीने वाचा.

तुम्ही गेल्या खेपेला विचारलं होतंत, की गच्चीवरचं ते काळं काळं काय बसवलंय आणि त्यावरून एवढी भानगड काय झाली. छायाने (शेजारची, देवळीकडची, जिची मुलगी तुमच्या मांडीवर झोपली होती ती) तुम्हाला अर्धवट सांगितलं असणार. तिचं अर्धवटसुद्धा पुष्कळ असतं, पण खरं काय ते माझ्याकडून ऐका.

मागच्या दिवाळीनंतर एका अभियांत्रिकी कॉलेजची मंडळी कॉलनीत घरं शोधत आली. त्यांचं संशोधन असं, की संध्याकाळ झाली की सगळा गाव एकदम दिवे, टीव्ही, कूलर, मोटारी लावतो, आणि नेमका तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. मग कुठेतरी जादा कोळसा जाळावा लागतो. तर दिवसाचं ऊन गच्चीवर पकडायचं, बॅटरीत भरून ठेवायचं, आणि घरातलं कुठलं काम कुठल्या वेळी केलं तर कोळशावाचून भागेल, हे आपल्यासारख्या गावातल्या खऱ्याखुऱ्या घरांत मोजून पाहायचं. मला पटलं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला कुणी मोजायचं म्हटलं की ती नाही म्हणत नाही. शिवाय आमच्या गच्चीवर कुणाची सावली पडत नाही. अर्णवला कॅनडात फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, घे आई, तुलाही सोबत होईल. (सोबत म्हणजे बॅटरीची. मुलगा गुणी आहे, पण घाईत असतो.) बॅटरी तुमच्या भावाच्या खोलीत बसवली, त्यांचं टेबल होतं तिथे. पेटीएवढी आहे आणि हळू आवाजात हूं हूं करत असते. जेवण झाल्यावर पेपर वाचताना तुमचे भाऊ माझ्या बोलण्याला द्यायचे तेवढाच हुंकार. पहिले काही दिवस मी तिला दोनतीनदा उत्तर देऊन बसले.

मीटरच्या बोर्डाजवळ त्यांनी एक डबीही लावली. ही डबी म्हणजे नणंदेच्या वरताण. (राग मानू नका, तुम्ही त्यातल्या नव्हेत.) घरात कुठलं यंत्र किती वेळ चाललं, हे ती विजेच्या चालीवरून ओळखते आणि थेट कॉलेजात सांगते. तुमच्या भावाला संसारभर मिक्सर आणि वॉशिंग मशीन यांच्या आवाजातला फरक कळला नाही, आणि या डबीला मी चटणी वाटते की ताक घुसळते तेही कळतं म्हणे. मला आपलं भारी वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहे.

आणि मग एके दिवशी त्यांच्यातल्या वेदश्रीचा फोन आला. ही मुलगी अमरावतीची, डॉक्टरेट करते आहे, म्हणजे रोग्यांची नव्हे, विजेची. बोलायला गोड. म्हणाली, काकू, तुम्ही गावाला गेलात का? मी म्हटलं, नाही गं, इथेच बसले आहे. तर म्हणे, तसं नाही काकू, आमच्या संगणकाने तुमच्या घरापुढे ‘रिकामं घर’ असं लिहिलंय. वन्सं, मी खुर्चीत बसले होते. अंगावर लुगडं होतं, समोर चहा होता, डोक्यावर पंखा फिरत होता. तिने समजावलं, की एवढी थोडी वीज माणसं परगावी गेलेल्या घरातच लागते, फ्रिज आणि देवाजवळचा दिवा चालू राहतो तेवढीच. मी मनात हजेरी घेऊन पाहिली. सकाळी एकदाच भाजी-भात करून ठेवते, एकटीसाठी दोनदा कुकर काय लावायचा. टीव्ही लावत नाही, कारण रिमोटवरून भांडायला समोर कुणी नसलं की बातम्यांत राम वाटत नाही. दिवा बसेन त्याच खोलीत. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. साठ-साठ मुलींच्या वर्गांची हजेरी घेतलेल्या बाईला भिंतीवरच्या डबीने गैरहजर मांडलं, आणि मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी रिकामा मिक्सर फिरवून पाहिला. तो जळाला असता, म्हणून बंद केला.

आता कुरडया. एप्रिलात छाया आणि मी नेहमीप्रमाणे गहू भिजवले, चीक काढला, शिजवला, सोऱ्या घेऊन गच्चीवर गेलो, तर गच्ची कुठे होती? सगळीकडे पॅनलं. मधल्या वाटेत एखादी चटई मावेल, बाकी जागा सौरऊर्जेची. छाया म्हणाली, खाली अंगणात घालू. अंगणात मांजरं. मी पॅनलांकडे पाहिलं. वन्सं, तुम्हीही तेच केलं असतंत. दक्षिणेला तोंड करून बसलेली, दिवसभर ऊन खाणारी, स्वच्छ, काचेची, तव्यासारखी तापलेली अशी जागा देवाने कुरडयांसाठीच केली असणार. तुमच्या भावाचं जुनं धोतर फाडून पॅनलांवर अंथरलं, कपड्यांचे चिमटे लावले आणि घातल्या की हो कुरडया. पॅनलं उतरती असल्यामुळे वरच्या रांगेतल्या काही घसरत खालच्या रांगेतल्यांच्या मांडीवर जाऊन बसल्या, तेवढंच. बाकी वाळल्या इतक्या झकास, की असल्या वाळलेल्या तुमच्या तळेगावातही तुम्ही पाहिल्या नसतील.

इकडे कॉलेजात हाहाकार. आमच्या घराची वीज भर दुपारी धाडकन खाली आली. या पॅनलांचा स्वभाव मला नंतर कळला. ओळीतल्या एकावर सावली पडली की ओळीतली सगळीच काम कमी करतात. (तुमच्या माहेरी लग्नात एक आत्या रुसली की बाकीच्याही पाटावरून उठायच्या, अगदी तसं.) वेदश्रीला वाटलं, यंत्र जळालं. ती देवळीच्या एका घरी मोजणी करत होती, तिथून सचिन नावाच्या त्यांच्या तंत्रज्ञाला घेऊन स्कूटीवरून त्या उन्हात धावत आली, जिना चढली, आणि पाहते तो काय, मी हातात काठी घेऊन कावळे हाकते आहे आणि तिच्या संशोधनावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. मला वाटलं आता रडते. ती जिन्यावर बसली आणि हसायला लागली, ती थांबेचना. सचिनही हसला. मग मी त्यांना उरलेला गरम चीक तेल घालून दिला. ऊन उतरेपर्यंत दोघं बसली. वेदश्रीने तिच्या आईच्या चिकात गुठळ्या कशा होतात ते सांगितलं, सचिनने दोनदा मागून घेतला. वन्सं, तुमचे भाऊ गेल्यापासून या घरात इतकं हसणं झालं नव्हतं. ती गेल्यावर मी तीन वाट्या घासल्या, आणि घासायला बरं वाटलं.

इथवरचं छायाला माहीत आहे. पुढचं तिला निम्मं माहीत आहे आणि तेच तिने तुम्हाला सांगितलं असेल, म्हणून नीट लिहिते.

कुरडया उचलल्या. वीज पूर्ववत झाली. आठवडा गेला, कुणी आलं नाही. कशाला येतील? सगळं कसं छान चाललं होतं. मग मी थोडे सांडगे घातले. एकाच पॅनलवर, कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी वेदश्री हजर. ती यायच्या आत मी सांडगे काढून, काच पुसून, उपमा करून तयार. तिने पॅनलं तपासली, तारा तपासल्या, काही सापडेना. उपमा खाल्ला, गप्पा मारल्या, गेली. मग पापड घातले. मग मिरच्या. मग वाळवणं संपली, तर मी गोधडी घातली. (गोधडीला ऊन लागतंच की नाही? लागतं.) शेवटी शेवटी तर नुसती चादर. दर सोमवारी सकाळी चादर टाकायची, दुपारी काढायची आणि मंगळवारच्या चहाचं आधण ठेवायचं. एकदा छाया तिच्या गच्चीवरून ओरडली, ‘काऊन जी काकू, चादर काऊन टाकून राह्यल्या त्याच्यावर? थे पोरगी बिचारी उनात येते न!’ मी म्हटलं, तू तुझे कपडे वाळत घाल.

मंगळवार मात्र चांगले गेले. वेदश्री मला आलेख दाखवायची, मी तिची आकडेमोड तपासायची. एकदा एक चूक सापडली, तर तिने खाली वाकून नमस्कार केला. (तिची कंबर चांगली आहे.) तिला तोंडल्याची भाजी आवडते, तिच्या वडिलांना तिचं लग्न आधी हवंय, तिच्या खोलीत पाणी एक दिवसाआड येतं, हे सगळं मला माहीत झालं. आणि बिचारी माझ्या गच्चीवरच्या बिघाडाचा शोध घेत होती. धूळ गोळा केली, कागदाच्या पुड्यांत भरून नेली. बोरगावच्या धुळीत काहीतरी विशेष आहे, असं तिचं मत बनत चाललं होतं. बोरगावच्या धुळीत काही विशेष नाही, वन्सं. मी इथे लग्न होऊन आल्यापासून ती झाडते आहे.

मग मेअखेरीस एका मंगळवारी तिने चहा घेतला नाही. जिन्यावर बसून राहिली. तिच्या सरांनी सांगितलं होतं, की वर्ध्याच्या आकड्यांत हा जो सोमवारचा खड्डा येतो त्याचं कारण सापडलं नाही, तर आकड्यांवर विश्वास ठेवता येणार नाही, आणि वर्षाचं सगळं काम बाजूला ठेवून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरुवात करावी लागेल. तिला वाटत होतं, आपल्यातच काही कमी आहे. मी एकाही मुलीला चुकून नापास केलेलं नाही, आणि या पोरीला मी चादर टाकून नापास करत होते. आत गेले, ती चादर आणली, तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. सांडग्यांपासून.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चादरीची घडी घातली. मग एवढंच म्हणाली, ‘काकू, मले नुसता फोन करायचा न. मी आली असती.’ एरवी ही मुलगी माझ्याशी पुस्तकातलं बोलते. मी म्हटलं, काम नसताना कुणाला फोन करायची मला सवय नाही गं. मग आम्ही बसून सगळे सोमवार शोधले आणि तिने ते तिच्या आकड्यांतून काढून टाकले. खड्डे बुजले. सरांना तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिचं काम वाचलं, निष्कर्षही उत्तम आला म्हणते, म्हणजे दुपारच्या उन्हावर आमच्यासारख्या घराची संध्याकाळ सहज निघते. मला खरंच आनंद झाला.

पण त्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? आता आकडे आपोआप जातात. पॅनलं स्वच्छ, तारा ठीक, बॅटरी ठीक. चांगलं यंत्र म्हणजे ज्यासाठी कुणाला यावं लागत नाही ते, असं वेदश्रीच एकदा म्हणाली होती, आणि आमचं यंत्र फार चांगलं निघालं. जूनपासून जिन्यावर कुणी बसलेलं नाही. ती प्रबंध लिहिण्यात बुडाली आहे, दोनदा मेसेज आला, त्यात फुलं होती. मी मंगळवारी अजून चहाचं आधण दोघींचं ठेवते आणि मग एक कप तसाच निवतो. छाया येते, पण तिला घरी दहा कामं. संध्याकाळी सगळ्या कॉलनीत कुकरच्या शिट्ट्या होतात आणि माझ्याकडे बॅटरी हूं हूं करते. एवढी वीज साठलेली असते, वन्सं, आणि ती कशावर खर्च करावी ते मला सुचत नाही.

असो. तुम्ही तुमची औषधं वेळेवर घ्या, ओल्या अंगणात चपलेशिवाय जाऊ नका. नीलेश-मंजुषाला आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा. म्हशीलाही काय ते सांगा. कळावे, लोभ आहेच, तो थोडा वाढवायला माझी हरकत नाही.

तुमची भावजय,
इंदिरा

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. संशोधनाचा दुसरा टप्पा दसऱ्यानंतर सुरू होतो, आणि त्यात किमान दोन माणसांचीच घरं घेणार, असं कॉलेजचं पत्र आलं आहे. म्हणजे माझं घर गळणार आणि पॅनलं, बॅटरी, डबी सगळं काढून नेणार. तर विज्ञानासाठी म्हणून एक विनंती. गणपती-महालक्ष्म्या आटोपल्या की तुम्ही इकडे राहायला या. थंडी संपेपर्यंत. तुम्ही फोनवर दर वेळी म्हणता, ‘काऊन वो इंदिरा, एकटी काऊन राहून राह्यली तिथं, येऊन जाजो इकडे,’ आणि मी दर वेळी विषय बदलते, ते यासाठी की तुमच्या भरल्या घरात मी पाहुणी होईन. इथे तुम्ही पाहुण्या व्हायच्या नाहीत. शिवाय विजेच्या दृष्टीने तुम्ही एकट्याच एका कुटुंबाइतक्या आहात. मे महिन्यात अंघोळीला कढत पाणी, पंखा पाचवर आणि वरून दुलई, संध्याकाळभर मालिका, चार वेळा चहा. डबी धन्य होईल. भावाच्या खोलीत तुमची गादी घालते. बॅटरी हूं हूं करते, पण तुमच्या भावासारखी घोरत नाही, आणि तुम्हाला तेही ऐकू येणार नाही. म्हशीचं नीलेश बघेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं आहे, म्हणून कागद सुरकुतलेला दिसेल. आत्ताच वेदश्रीचा फोन आला. तिने सरांशी भांडून नियम बदलून घेतला. तिचं म्हणणं, एकेकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं गावोगाव वाढत चालली आहेत आणि ती कुणी मोजलेलीच नाहीत. तेव्हा पुढच्या टप्प्यात तशीच घरं घेणार आणि पहिलं घर माझं. फार खुशीत होती पोरगी. म्हणाली, काकू, आता कुणाला राहायला बोलावू नका हं, तुमचं घर जसं आहे तसंच आम्हाला हवंय. यंत्रं राहणार, वेदश्री महिन्याला एकदा येणार. मीही तिला हो म्हणून बसले.

म्हणजे संशोधनाच्या दृष्टीने तुम्ही न आलेलंच बरं. मघाशी लिहिलेली सगळी कारणं आता खोडून टाकायला हवीत, पण कागद पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला आहे. वेदश्रीला मी आज संध्याकाळीच फोन करून नाही म्हणून सांगते. डबी काढून नेली तर नेऊ देत. एकटीचं घर म्हणून मला कुणाच्या उपयोगी पडायचं नाही, वन्सं. तुम्ही या.